डोक्यातला फुटलेला कालवा

लंडनमधली गोष्ट. डिसेंबर १८०४. तिशीतली एक गरोदर बाई. एका संध्याकाळी तिला कपाळाच्या डाव्या बाजूला आत काहीतरी तटकन तुटल्यासारखं वाटलं. मग डोकं दुखायला लागलं, डोळा हळूहळू खोबणीतून पुढे यायला लागला आणि डोक्यात एक आवाज सुरू झाला. तो थांबेचना. चार वर्षांहून जास्त काळ तिनं हे अंगावर काढलं. मे १८०९ मध्ये बेंजामिन ट्रॅव्हर्स नावाच्या सव्वीस वर्षांच्या सर्जननं तिच्या मानेतली मोठी धमनी दोऱ्यानं बांधून टाकली. भुलीचा शोध अजून लागायचा होता, म्हणजे बाई पूर्ण शुद्धीवर होती. ती जगली. आवाज कमी झाला, डोळाही मागे गेला.

आत नेमकं काय बिघडलंय हे ट्रॅव्हर्सला कळलेलं नव्हतं. डोळ्याच्या खोबणीत रक्तवाहिन्यांची गाठ झालीय असा त्याचा समज होता. खरं दुखणं डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी होतं. ते समजायला पुढे कित्येक वर्षं गेली आणि तिथपर्यंत पोचायला त्याहून जास्त.

मंडळी, दोनशे वर्षांपूर्वीची ही बाई आज काढण्याचं कारण आहे. गेल्या महिन्यात मी आपल्या तालुक्यातल्या एका तरुणाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. नाव-गाव तेव्हा दिलं नव्हतं, आताही देणार नाही. मोटरसायकलवरून पडला, डोक्यात हेल्मेट नव्हतं. चार दिवसांत बरा होऊन घरी आला. मग डोळा लाल झाला. दोन महिने डोळ्यात थेंब घालणं चाललं. डोळा पुढे आला, रात्री उशीवर डोकं टेकवलं की कानात धडधड. शेवटी एका डॉक्टरनं मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि आतून सूं-सूं आवाज ऐकला. मुंबईला नेलं. जांघेतून नळी घालून, डोक्याला टाकासुद्धा न घालता, त्याला बरा केला.

त्या पोस्टखाली एका जुन्या मित्रानं लिहिलं, "लाखात एकाला होणारा आजार. त्यासाठी सरकारनं कोट्यवधीची मशिनं घ्यायची, आणि आमच्या आरोग्य केंद्रात साप चावल्याचं इंजेक्शन नाही." बऱ्याच जणांनी त्याला अंगठा दिला. असा प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट नसतो, त्यानं सोसलेलं असतं. पण प्रश्नाला उत्तर आहे आणि ते या उपचाराच्या इतिहासातच आहे. म्हणून हा लांबलचक लेख. चहा घेऊन बसा.

आधी बिघाड काय असतो ते. आपल्याकडे कालव्याचं पाणी ज्याला माहीत आहे त्याला हे पटकन कळेल. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पाट, पाटातून सरी. जसजसं पाणी बारीक वाटांनी जातं तसतसा त्याचा जोर मरतो. ते सरीत मुरतं, उसाला मिळतं आणि उरलेलं निथळून ओढ्याला जातं. शरीरात धमनी म्हणजे कालवा, केशवाहिन्या म्हणजे सऱ्या आणि शिरा म्हणजे ओढा. आता समजा कालव्याची भिंत नेमकी ओढ्याला लागून आहे आणि तिथेच ती फुटली. पाणी सरीत न जाता धो-धो ओढ्यात. दोन गोष्टी होतात. शेत कोरडं राहतं आणि ओढ्याचा काठ एवढा जोर सहन करण्याचा नसल्यामुळे कधीतरी ढासळतो. मेंदूत काठ ढासळला की रक्तस्राव.

अशा चुकीच्या जोडण्यांचे प्रकार आहेत. मेंदूच्या आतच धमन्या आणि शिरांचा गुंता असतो, त्याला डॉक्टर एव्हीएम म्हणतात. मेंदूच्या आवरणात थेट जोड झाला तर तो ड्युरल फिस्टुला. आणि डोळ्यामागे शिरांचं एक डबकं आहे, त्या डबक्याच्या मधून मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी जाते. त्या डबक्यात धमनी फुटली की आपल्या तरुणाचं आणि बहुधा त्या लंडनच्या बाईचं झालं ते होतं. अपघातात डोकं आपटल्यावर हे होऊ शकतं, कधी आपोआपही होतं.

अशी जोडणी असू शकते हे पहिल्यांदा नीट सांगितलं विल्यम हंटर या स्कॉटिश डॉक्टरनं, १७५७ मध्ये. तेही मेंदूत नव्हे, कोपरात. त्या काळी कुठलाही आजार असला की कोपराची शीर कापून रक्त काढायचे. हात चुकला की पातं शीर भेदून खालच्या धमनीत घुसायचं आणि दोघींचा कायमचा जोड व्हायचा. हंटरनं त्यावर हात ठेवून थरथर अनुभवली, कान लावून फुसफुस ऐकली आणि नेमक्या जागी दाबलं की दोन्ही थांबतात हेही पाहिलं. म्हणजे या आजाराची पहिली ओळख डॉक्टरांनीच केलेल्या जखमेतून झाली. आणि निदानाची त्याची पद्धत, कान लावून ऐकणं, आपल्या तरुणाच्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हाही तीच होती.

ट्रॅव्हर्सनंतर शंभर वर्षं सर्जन मानेतली धमनी बांधत राहिले. काहींना गुण आला, काहींना अर्धांगवायू झाला, काहींचा आवाज चार महिन्यांनी परत आला. का, ते कालव्यावरचा माणूस लगेच सांगेल. वरचं दार बंद केलं म्हणून फूट बुजत नाही. मेंदूच्या तळाशी चारही मोठ्या धमन्या एकमेकींना गोल जोडलेल्या आहेत. एक बंद केली की बाकीच्या तीन त्या फुटीकडे पाणी पाठवतात. उलट ज्या शेताला पाणी हवं होतं त्याचंच तुटतं. फूट बुजवायची तर फुटीवरच जायला हवं.

कवटी उघडून जायचं? सर्जन घाबरत होते, आणि ते बरोबर होतं. अमेरिकेत हार्वे कुशिंग आणि वॉल्टर डँडी या न्यूरोसर्जरीच्या दोन दिग्गजांनी १९२८ मध्ये या आजारावर लिहिलं, त्यात हात घालण्यातला धोकाच ठळक होता. स्टॉकहोमच्या ओलिवेक्रोनानं १९३२ मध्ये असा एक गुंता पूर्ण काढून दाखवला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया व्हायला लागल्या आणि आजही कित्येक रुग्णांसाठी तोच उत्तम उपाय आहे. पण त्याच सुमारास एका माणसाला वेगळीच वाट सुचली.

त्याचं नाव बार्नी ब्रुक्स, अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा सर्जन. १९३० ची गोष्ट. त्यानं रुग्णाच्या स्नायूची एक पट्टी घेतली, तिला दोरा आणि चांदीची बारीक क्लिप लावली आणि मानेतल्या धमनीत सोडून दिली. विचार साधा होता. रक्त ज्या जोरानं फुटीकडे ओढलं जातंय तोच जोर पट्टीलाही तिथे नेईल आणि तीच फुटीत बसेल. आपल्याकडे फुटलेल्या पाटात पाचटाची पेंढी सोडतात, तसंच. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी कल्पना वाटते, कारण इथून पुढे आजाराचा जोरच औषधाचं वाहन झाला.

अडचण अशी की पट्टी कुठे गेली हे ब्रुक्सला दिसत नव्हतं. रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून लिस्बनमध्ये एगाश मोनीश हा डॉक्टर धडपडत होता. क्ष-किरणांना अडवील असं द्रव्य रक्तात सोडायचं आणि फोटो काढायचा. आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं, त्यात एक रुग्ण दगावला. मग सोडियम आयोडाइड घेतलं आणि जून १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा फोटोत उमटल्या. मोनीशचे हात संधिवातानं वाकडे झालेले होते, म्हणून सुई धरायचा त्याचा सहकारी आल्मेदा लीमा. पुढे काही वर्षं थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य वापरलं गेलं. चित्र सुरेख यायचं, पण ते किरणोत्सारी होतं, यकृतात साठून राहायचं आणि वर्षांनी कॅन्सर करायचं. मोनीशला १९४९ मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र या शोधासाठी नव्हे. मेंदूचे धागे कापून मनोरुग्णांना शांत करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी आज कुणी करत नाही. पुरस्कारांचं असंच असतं.

दिसायला लागलं. आता आत शिरायचा सोपा दरवाजा हवा होता, कारण दरवेळी मान कापणं परवडणारं नव्हतं. तो दरवाजा स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण रेडिओलॉजिस्टनं १९५३ मध्ये दिला. सुई धमनीत टोचा, सुईतून बारीक तार आत सरकवा, सुई काढा, तारेवरून नळी ओवा, तार काढा. झालं. सांगतात की पीएचडीसाठी हा विषय पुरेसा मोठा नाही असं त्याच्या वरिष्ठांना वाटलं होतं. आज जगात रोज होणारी प्रत्येक अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी याच पाच पायऱ्यांवर उभी आहे. तुमच्या घरात कुणाच्या हृदयात स्टेंट असेल तर तो याच वाटेनं गेला.

१९६० मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातले आल्फ्रेड ल्यूसेनहॉप आणि विल्यम स्पेन्स यांनी ब्रुक्सची कल्पना पुढे नेली. स्नायूच्या पट्टीऐवजी काही मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या. मानेतल्या धमनीतून सोडल्या आणि त्या प्रवाहाबरोबर मेंदूतल्या एव्हीएमकडे गेल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या माणसाच्या मेंदूत सोडायच्या आणि त्या बरोबर वळणावर वळतील अशी आशा धरायची. बहुतेक वळायच्या, कारण ओढ तिकडेच जास्त. पण 'बहुतेक' या शब्दावर मेंदू सोडता येत नाही. एखादी गोळी चांगल्या फांदीत गेली की माणसाची वाचा गेली, हात गेला. ल्यूसेनहॉपनं चारच वर्षांनी मऊ सिलिकॉनची नळी मेंदूतल्या धमनीपर्यंत नेण्याचाही प्रयत्न केला.

आणि मग मॉस्को. या इतिहासातला माझा आवडता माणूस तिथला आहे, फ्योदोर सर्बिनेंको. बुर्देंको न्यूरोसर्जरी संस्थेत डॉक्टर. गोष्ट अशी सांगतात की १९५९ च्या मे दिनाला तो लाल चौकात उभा होता. गर्दीत मुलांच्या हातात दोऱ्याला बांधलेले फुगे. वारा येईल तिकडे फुगा जातो, पण दोरा हातात असल्यामुळे त्याला आवरता येतं. त्याला वाटलं, रक्ताच्या प्रवाहात असाच फुगा सोडला तर? खरंखोटं काही असो, १९६३ च्या डिसेंबरमध्ये त्यानं नळीच्या टोकाला बारीक फुगा लावून पहिल्यांदा धमनीत फुगवला, आणि १९७० च्या आसपास फुगा जागेवर सोडून नळी बाहेर काढण्याची करामत जमवली.

आता फुटक्या कालव्याचं चित्र परत आणा. रिकामा फुगा धमनीतून जातो, फुटीच्या ओढीनं स्वतःच त्या भोकातून पलीकडच्या डबक्यात ओढला जातो, तिथे त्याला फुगवायचं. भोक पलीकडून बंद. कालवा मात्र मोकळा, शेताचं पाणी चालू. ट्रॅव्हर्सपासून दीडशे वर्षं जे जमत नव्हतं ते हे होतं. फुटीला बंद करायचं आणि कालव्याला नाही. सर्बिनेंको हे फुगे हातानं बनवायचा. त्याचा इंग्रजी लेख १९७४ मध्ये छापून आला तेव्हा तीनशेहून जास्त रुग्ण त्याच्या खात्यावर होते. शीतयुद्धाचे दिवस होते. पश्चिमेतल्या डॉक्टरांना लोखंडी पडद्याआडून आलेला हा लेख वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करा. फ्रान्समध्ये जेरार द्यब्रँनं स्वतःचे लेटेक्सचे फुगे बनवले, आणि पाहता पाहता पॅरिस या विद्येची पंढरी झाली.

फुगा भोकासाठी चांगला. पण एव्हीएमसारख्या गुंत्यात शेकडो बारीक वाटा असतात, तिथे फुगा काय करणार? तिथे काहीतरी पातळ हवं, जे आत जाऊन घट्ट होईल. उत्तर आपल्या सगळ्यांच्या घरातल्या खणात आहे. फेविक्विक! म्हणजे तीच बाटली नव्हे, कृपा करून कुणी प्रयोग करू नका. पण कूळ तेच, सायनोअॅक्रिलेट. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हे द्रव्य सगळ्याला चिकटत होतं म्हणून त्यानं बाजूला टाकलं. काही वर्षांनी त्याच चिकटपणाचं मोल कळलं, आणि व्हिएतनाम युद्धात जखमांमधलं रक्त थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. सत्तरच्या दशकात ते मेंदूत गेलं. १९७६ मध्ये चार्ल्स कर्बरनं टोकाला बारीक छिद्र असलेला फुगा केला. फुगा प्रवाहाबरोबर गुंत्यापर्यंत जायचा आणि त्या छिद्रातून गोंद सोडता यायचा.

या गोंदाचा स्वभाव तापट. रक्त लागलं की क्षणात दगड. म्हणून नळी आधी ग्लुकोजच्या पाण्यानं धुतात, कारण सलाइन लागलं तरी तो नळीतच बसतो. तो जरा दमानं घट्ट व्हावा आणि पडद्यावर दिसावा म्हणून त्यात लिपिओडॉल मिसळतात. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन जोडलेलं खसखशीचं तेल. हो, आपल्या अनारशाची खसखस. किती तेल घालायचं यावर सगळा खेळ. कमी घातलं तर गोंद आधीच बसतो, जास्त घातलं तर गुंता ओलांडून शिरेत जातो आणि निचऱ्याची वाट बुजते. वाट बुजली आणि मागून कालवा चालू असला तर काय होतं ते आता तुम्हाला सांगायला नको. शिवाय नळी वेळेत ओढली नाही तर ती आतच चिकटते.

२००५ मध्ये अमेरिकेत ऑनिक्स नावाचं दुसरं द्रव्य मंजूर झालं. ते चिकटत नाही, लाव्ह्यासारखं बाहेरून आत हळूहळू घट्ट होतं, काळंभोर दिसतं. डॉक्टरला थांबायला, बघायला, पुढे जायला वेळ मिळतो. त्यातल्या द्रावकामुळे नंतर एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणीसारखा वास येतो. नातेवाइकांना आधी सांगितलं नसेल तर ते घाबरतात. प्लॅटिनमच्या केसासारख्या बारीक तारांच्या कॉइल त्याआधीच, नव्वदच्या दशकात आल्या होत्या. हळूहळू त्यांनी फुग्यांची जागा घेतली.

एवढं सगळं वाचून वाटेल की हा विजयाचा इतिहास आहे. अर्धाच. उरलेला अर्धा हात आखडता घेण्याचा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लाझोनियास नावाचा डॉक्टर होता. त्यानं आयुष्य घातलं ते सगळ्यांत दुर्मिळ प्रकारात. जन्मतःच मेंदूच्या मधोमध एका मोठ्या शिरेत धमन्या थेट उघडलेल्या असतात. तान्ह्या बाळाचं रक्त त्या खड्ड्यात एवढं जातं की हृदय थकून बंद पडायला येतं. पूर्वी अशी नवजात बाळं बहुतेक वाचतच नसत. लाझोनियासनं नळीवाटे गोंद भरून त्यांना वाचवायला सुरुवात केली. पण त्याचं खरं काम पुढचं. त्यानं हृदय, मेंदू, श्वास, यकृत, मूत्रपिंड यांची तपासणी करून २१ गुणांचा तक्ता केला. १२ पेक्षा जास्त गुण म्हणजे बाळ औषधांवर तग धरतंय, पाच महिन्यांचं होऊ द्या, मग करा. ८ ते १२ म्हणजे आत्ता, लगेच. ८ पेक्षा कमी म्हणजे मेंदू आधीच गेलेला आहे, नळी घालू नका. तिसरं वाक्य आई-बापासमोर उभं राहून म्हणायचं असतं. त्याच्या चमूनं २००६ मध्ये हिशेब छापला. त्यांच्याकडे उपचार झालेल्या २१६ मुलांपैकी २३ गेली. जी जगली त्यातली ७४ टक्के मेंदूनं ठणठणीत होती. गेलेली मुलं उपचार होऊनही किंवा उपचारामुळेच गेली, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. असा हिशेब मांडणारी रुग्णालयं मी फार पाहिलेली नाहीत.

दुसरा धडा २०१४ चा, आणि तो जोरात बसला. ज्यांचा एव्हीएम कधी फुटलेलाच नाही, दुसऱ्याच कारणानं केलेल्या स्कॅनमध्ये सापडला, त्यांचं काय करायचं? अरुबा नावाचा मोठा अभ्यास झाला, ९ देशांत, सव्वादोनशेच्या आसपास रुग्ण. अर्ध्यांना फक्त औषधं, अर्ध्यांना हस्तक्षेप, म्हणजे नळी, शस्त्रक्रिया किंवा किरण. सरासरी ३३ महिन्यांत औषधवाल्यांमध्ये १०.१ टक्क्यांना पक्षाघात किंवा मृत्यू आला, हस्तक्षेपवाल्यांमध्ये ३०.७ टक्क्यांना. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यावर वाद खूप झाले. तीन वर्षांचा काळ तोकडा आहे, गुंता तर आयुष्यभर असतो, वर्षाला दोन ते चार टक्के फुटण्याचा धोका तरुण माणसाला पन्नास वर्षं वाहायचा असतो, हे आक्षेप खरे आहेत. तरी एक गोष्ट त्यानंतर बदलली. न फुटलेला एव्हीएम दिसला की लगेच टेबलावर घ्यायचं, हे संपलं. तुम्हाला कुणी घाई केली तर दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात मत घ्या. फुटलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे वेळ दवडू नये.

आता माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे. लाखात एक.

एव्हीएमचं प्रमाण परदेशातल्या पाहण्यांत वर्षाला लाखामागे साधारण एक नवा रुग्ण असं आलंय. तेच आपल्याला लावलं तर तीस लाखांच्या जिल्ह्यात वर्षाला तीस जण. ड्युरल फिस्टुला आणि अपघातातले फिस्टुला वेगळे. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात दर दहा-बारा दिवसांनी एक. एकदा भागाकार करून बघितला की 'दुर्मिळ' हा शब्द जरा जवळ येतो.

पण हे उत्तर पुरेसं नाही हे मलाही कळतं. खरं उत्तर दुसरं आहे. २०१५ मध्ये एकामागून एक पाच मोठे अभ्यास छापून आले. मेंदूतली मोठी धमनी गुठळीनं बंद होऊन अर्धांगवायू झालेल्या माणसाची गुठळी जांघेतून नळी घालून वेळेत ओढून काढली तर तो आपल्या पायावर घरी जाण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात वाढते, असं त्यांतून सिद्ध झालं. अर्धांगवायू काही लाखात एकाला होत नाही. तो प्रत्येक गल्लीत आहे. आणि गुठळी ओढणाऱ्या नळ्या, तारा, पडदे आणि मुख्य म्हणजे ते हात आले कुठून? दुर्मिळ आजारांवर चाळीस-पन्नास वर्षं घासलेल्या याच लोकांकडून. गुठळी पकडायला जी जाळी सुरुवातीला गाजली, सॉलिटेअर, ती मुळात मेंदूतल्या धमनीच्या फुगवट्यात कॉइल भरताना आधार म्हणून बनवलेली होती. दुर्मिळांसाठी बांधलेल्या रस्त्यावरून आज सगळे जातायत. तेव्हा कुणी 'लाखात एक' म्हणून सर्बिनेंकोचे फुगे काढून घेतले असते तर?

आपल्या देशात ही विद्या बड्या खासगी रुग्णालयांतच आहे असा समज आहे, तो खरा नाही. तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था केंद्र सरकारची, आणि मेंदूतल्या या कामात तिचं नाव देशभर आहे. याच संस्थेनं २०२१ मध्ये मेंदूच्या धमनीत बसवायची निटिनॉलची जाळी बनवण्यासाठी पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस कंपनीशी करार केला. परळचं केईएम तर मुंबई महापालिकेचं. तिथे या कामाला कित्येक वर्षं झाली. करदात्यांच्या पैशातून.

आणि पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा मर्यादा दीड लाख होती. आता ती केंद्राच्या आयुष्मान योजनेला जोडलेली आहे आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. आयुष्मानच्या यादीत मेंदूच्या नळीवाटे उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. एव्हीएम, ड्युरल फिस्टुला, डोळ्यामागचा फिस्टुला, सगळ्यांची नावं आहेत, पहिल्या दोन्हींचे दर 'प्रत्येक बैठकीला' आहेत. कारण मोठा गुंता एका दिवसात बुजवत नाहीत, टप्प्याटप्प्यानं बुजवतात. हे बऱ्याच आरोग्यमित्रांनाही माहीत नसतं. त्या तरुणाच्या वडिलांनी मुंबईला निघायच्या आधी एक म्हैस विकली होती.

प्रत्येक जिल्ह्यात एव्हीएम बुजवणारं केंद्र हवं असं मी म्हणत नाही. वर्षाला चार रुग्ण करणाऱ्या डॉक्टरच्या हातात मी माझा मेंदू देणार नाही, तुम्हीही देऊ नका. हे काम जिथे रोज होतं तिथेच व्हावं. पण ओळखायचं काम इथे व्हायला हवं. अपघातानंतर लाल झालेला, पुढे आलेला, नाडीबरोबर उडणारा डोळा. एका कानात नाडीच्या ठेक्यात चालणारा आवाज, विशेषतः रात्री. तरुण माणसाला पहिल्यांदाच आलेली फीट. क्षणात आलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी. यातलं प्रत्येक दुखणं फिस्टुलाच असतं असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. पण त्या डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवायला पैसे लागत नाहीत, आणि साधा सीटी स्कॅन केला तेव्हाच रक्तवाहिन्यांचाही करायचा की नाही हे ठरवणारं कुणीतरी तिथे असावं लागतं.

मागच्या सोमवारी मी जिल्हा रुग्णालयात माहितीच्या अधिकारात अर्ज दिला आहे. तीन प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत मेंदूतल्या रक्तस्रावाचे किती रुग्ण आले, त्यांतल्या किती जणांची रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, आणि किती जणांना योजनेतून मुंबई-पुण्याला पाठवलं. कायद्यानं तीस दिवस आहेत. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर ज्यांच्या घरात असा रुग्ण होऊन गेलाय त्यांनी मला खासगीत लिहा. नावं छापणार नाही. निदान व्हायला किती दिवस लागले, तेवढंच हवंय.